वडिलांच्या हत्यारांच्या पेटीचा गंज किती काढायचा आणि कुठे थांबायचं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. उघडली की पायऱ्यांसारखे दोन्हीकडे कप्पे पसरणारी त्यांची पत्र्याची पेटी निवृत्तीनंतर यावल तालुक्यातल्या शेतावर, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत गेली आणि पंधरा-वीस वर्षं तिथेच राहिली. आता तळ गंजलाय, डाव्या बाजूच्या, कप्पे उचलणाऱ्या पट्ट्या जाम आहेत, वरून कुणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलाय. जळगावच्या एका पावडर कोटिंगवाल्याने (रंगाची पावडर भट्टीत भाजून पक्की बसवणाऱ्याने) सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज उडवून, नवीकोरी करून देतो म्हटलंय. त्याला द्यावी का, हे तुम्ही विचारलंय. आणि अशा आणखी पेट्या जमवायच्या झाल्या तर काय बघून घ्यायच्या, हेही.

पहिल्याचं उत्तर: आत्ता देऊ नका. कदाचित कधीच द्यावी लागणार नाही.

तुम्ही गंज कसा काढायचा ते विचारताय. गंज काढणं अवघड नाही, दोन दिवसांचं काम आहे. अवघड आहे ते कुठे थांबायचं हे ठरवणं. ही पेटी तुम्हाला वापरायला हवी आहे, दिवाणखान्यात ठेवायला हवी आहे, की वडिलांची म्हणून हवी आहे? तुमच्या पत्रात "वडिलांची" हा शब्द पाच वेळा आलाय, म्हणून मी तिसरं धरून लिहितोय. नुसती वापरायला हवी असती तर माझं उत्तर वेगळं आणि चार ओळींचं झालं असतं.

मी स्वतः आयटीआय फिटर. बावीस वर्षं जिनिंगच्या मशिनरीची दुरुस्ती केली, आणि गेली अठरा वर्षं जुन्या लोखंडी पेट्या जमवतो, नीट करतो. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्यांनी त्यांच्या वडिलांची पेटी माझ्याकडे दिली. वरून काळा रंग, खाली गंज, विशेष काही दिसत नव्हतं. मी ती ब्लास्टिंगला टाकली. परत आली तेव्हा झाकण पापडासारखं वाकलेलं होतं, कारण एक मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर जोराने वाळू मारली की पत्रा ताणतो आणि मग कितीही ठोका, पोट काढतोच. पण त्याहून वाईट पुढे होतं. ब्लास्टिंग करणारा सहज म्हणाला, "काळ्याखाली काहीतरी पिवळी अक्षरं होती." काय अक्षरं होती, ते त्याला आठवेना. ती त्या माणसाच्या वडिलांच्या हातची होती की पेंटरची, हे आता कुणालाच कळणार नाही. पेटी मी सपाट करून, रंगवून दिली. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून टॉर्च लावून बघितल्याशिवाय मी एकाही पेटीला हात लावत नाही.

तुम्हीही आज रात्री तेच करा. अंधार करा, पेटीचं झाकण डोळ्यांच्या पातळीवर धरा आणि टॉर्च जवळजवळ आडवी ठेवून उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाऊ द्या. समोरून मारलेल्या उजेडात काहीच दिसणार नाही. आडव्या उजेडात मात्र खालच्या रंगाचा प्रत्येक फराटा उठून दिसतो. जुन्या पेंटरनी ब्रशने काढलेल्या अक्षरांना जाडी असते आणि वरून एक-दोन हात दिले तरी ती जाडी मरत नाही. झाकणाची वरची बाजू, समोरचा पट्टा आणि दोन्ही बाजूंची टोकं, तिन्ही ठिकाणी बघा. फिटरच्या पेटीवर बहुतेक वेळा नाव, हुद्दा, शॉप (कारखान्यातला विभाग) आणि कामगाराचा तिकीट नंबर असतो. घरात त्यांचा कामावरचा पितळी बिल्ला सापडला तर त्यावरचा नंबर आणि पेटीवरचा नंबर जुळतो का पाहा. जुळला तर तो क्षण मी शब्दांत सांगत नाही, तुम्हीच अनुभवा. ठोकून उमटवलेला नंबर असेल तर तो कडीजवळ किंवा मुठीखाली मिळतो. तिथे बोट फिरवा, डोळ्यांआधी बोटाला कळतं.

आता तुमच्या पेटीला नेमकं काय झालंय ते. आपल्या खानदेशात हवा आठ महिने कोरडी असते. नुसती घरात माळ्यावर ठेवलेली पेटी इथे तीस-तीस वर्षं टिकते, वर फक्त धूळ बसते. इथल्या पेट्या दोनच कारणांनी मरतात. एक म्हणजे धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात गळतीखाली ठेवल्यामुळे, आणि दुसरं म्हणजे खतामुळे. केळीला पोटॅश किती लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ते पांढरं किंवा लालसर पोटॅश बहुतेक करून पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. मोटारीच्या खोलीत खताची पोती आणि पेटी शेजारी-शेजारी असतील तर क्लोराइड गंजाच्या खड्ड्यांत जाऊन बसतं. वरचा गंज कितीही घासला तरी ते तळाशी राहतं, पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि नव्या रंगाखालून पुन्हा फोड येतात. लोक म्हणतात, "रंग चांगला नव्हता." पण दोष रंगाचा नसतो, धुण्याचा असतो.

म्हणून तुमच्या पेटीला पहिलं औषध म्हणजे गरम पाणी. गंज काढण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. कडक गरम पाणी ओतायचं, जुन्या टूथब्रशने कोपरे घासायचे, ओतून टाकायचं, असं चार-पाच वेळा. शेवटच्या वेळी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, शेवटचा हात त्याचा द्या.

पण थांबा, त्याही आधी पेटी रिकामी करताना एक काळजी. तुमचे वडील फिटर होते म्हणून शक्यता कमी आहे, पण रेल्वेच्या माणसांच्या घरात गार्ड किंवा ड्रायव्हरची लाइन बॉक्सही बऱ्याचदा असते. जड, ट्रंकेसारखी, वर नाव आणि "बीएसएल" (भुसावळची रेल्वेतली खूण) लिहिलेली. त्यात झेंड्या, हातदिवा आणि नियमांच्या पुस्तकाबरोबर डिटोनेटरही असायचे. गाडी थांबवण्यासाठी रुळावर बांधायचे हे फटाके असतात. चपटी गोल पत्र्याची डबी, दोन्ही बाजूंना वाकवायच्या पट्ट्या. असं काही दिसलं तर हलवू नका, घासू नका, पेटी तिथेच ठेवून रेल्वे पोलिसांना कळवा. जुनं झालं म्हणून ते निकामी झालं असं धरू नका.

रंगाबद्दलही सांगतो, कारण बहुतेक जण इथे स्वतःचं नुकसान करून घेतात. जुन्या औद्योगिक रंगांत शिसं असायचं. हिरव्या थराखाली नारिंगी-शेंदरी थर दिसला तर तो बहुधा रेड लेडचा प्रायमर. आपण देवाला लावतो त्या पारंपरिक शेंदरातही शिशाचंच हे संयुग असतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तुमची पेटी त्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून कोरडा रंग उडवायचा नाही. हीट गन किंवा गॅसची ज्योत लावून जाळायचा तर मुळीच नाही. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर), साबणाचं पाणी आणि चांगला मास्क वापरा. लहान मुलं आणि घरातल्या गर्भवती स्त्रिया त्या जागेपासून लांब. चिखल कागदात गोळा करा, अंगणात ओतू नका, तिथेच कोंबड्या टिपतात.

आता गंज. तीन-चार पद्धती लोक सांगतात. सगळ्या चालतात, पण सगळ्या प्रत्येक पेटीला चालत नाहीत. म्हणून मी पद्धतीपेक्षा कारण सांगतो.

बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याची पद्धत, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस, गंजावर फार प्रभावी आहे. पेटी निगेटिव्हला, भंगारातला साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला. स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून उघड्यावर करायचं. पण तुमच्यासाठी मी हे सुचवत नाही, कारण ही पद्धत गंजाबरोबर जुना रंगही सोडवते. अक्षरं असतील तर तीही जातील. रंग नसलेले सुटे पाने, हातोड्या, छिन्न्या यांना मात्र याच्यासारखं दुसरं नाही.

तुमच्या पेटीला मी सायट्रिक ॲसिड वापरेन, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल. एक लिटर कोमट पाण्याला ५० ते ८० ग्रॅम, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. पण बुडवायची नाही. जुन्या पेट्यांच्या कडा दुमडून आत तार घातलेली असते. त्या दुमडीत ॲसिड शिरलं की बाहेर येत नाही आणि सहा महिन्यांनी कडेतून तपकिरी पाणी पाझरतं. त्याऐवजी जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा भिजवून फक्त गंजलेल्या जागी चिकटवायचा, वर प्लास्टिकचा कागद लावायचा. हा प्लास्टिकचा कागद विसरू नका. एप्रिलमध्ये आपल्याकडे ओलं फडकं अर्ध्या तासात कडक होतं आणि वाळलेलं ॲसिड काहीच काम करत नाही. दोन तासांनी उचलून बघा. पृष्ठभाग काळसर-राखाडी झाला की पुरे. तो काळा थर ब्रशने पुसला जातो. रात्रभर ठेवायचा मोह आवरा, कारण गंज संपला की ॲसिड चांगलं लोखंड खायला लागतं.

यात तीन गोष्टी वेगळ्या काढा. कडीची स्प्रिंग फार वेळ ॲसिडमध्ये ठेवली तर ठिसूळ होते आणि पहिल्याच दाबाला तुटते. पितळी कुलूपपट्टी लोखंडाबरोबर ॲसिडमध्ये राहिली तर तांबूस पडते आणि तिची पूर्वीची झळाळी सहज परत येत नाही. जस्ताचा मुलामा असलेली मूठ असेल तर तो मुलामा झपाट्याने जातो. या तिन्हींना घासलेट, बारीक स्टील वूल आणि धीर एवढंच लागतं. घासलेट आता मिळत नाही म्हणाल, तर डिझेल चालतं. फक्त शेगडीपासून लांब बसा.

ॲसिडनंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग गरम पाणी, मग डिस्टिल्ड, आणि लगेच उन्हात. इथे आपलं ऊन कामाला येतं. श्रावणात हेच केलं तर पुसता-पुसता पत्रा नारिंगी होतो. मार्च ते मे या काळात धुतलेली पेटी दहा मिनिटांत ठणठणीत कोरडी होते आणि गंजाला वेळच मिळत नाही. मी धुण्याची कामं उन्हाळ्यातच ठेवतो. रंगाची कामं मात्र उन्हाळ्यात नाही. ४३-४४ अंशांत इनॅमलला वरून साय धरते आणि आत ओला राहतो, आणि दुपारी एखादी वावटळ आली की सगळी माती त्यावर. रंग दिवाळीनंतर, सकाळी नऊ ते अकरा.

जाम झालेल्या पट्ट्यांचं काय? जोर लावू नका, एवढंच पुन्हा-पुन्हा सांगेन. या पट्ट्या कप्प्यांना समांतर उचलतात. एक जरी वाकली तर कप्पा तिरका बसतो आणि झाकण कधीच नीट लागत नाही. सरळ केलेली पट्टीही पहिल्यासारखी होत नाही. मी असं करतो: पेटी दुपारी उन्हात ठेवायची, हात लावता येणार नाही इतकी तापू द्यायची. संध्याकाळी सावलीत आणून प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याभोवती पातळ तेल सोडायचं. थंड होताना सांध्यातली हवा आकसते आणि तेल आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टी दोन बोटांनी केसभर हलवून बघायची. केसभर हलली की काम झालं समजा. मग मागे-पुढे, मागे-पुढे, मध्ये तेल. सांध्यातून तपकिरी चिखल बाहेर येईल, तो पुसत राहा, जोपर्यंत तेल स्वच्छ येत नाही. माझ्याकडची एक पेटी अकरा दिवसांनी उघडली. अमळनेरच्या कापड मिलमधल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, होती ती. उघडल्यावर खालच्या कप्प्यात तेलात मुरलेली रुई निघाली आणि तिच्याखालचा पत्रा कालच कापून आणल्यासारखा निळसर होता. ती रुई मी अजून बाटलीत ठेवली आहे.

रिव्हेट झिजली असेल तर बदलावी लागते. डोकं ड्रिलने हळूच उडवायचं, पंचने खालून काढायची. नवीन घालताना पॉप रिव्हेट नको. ती पोकळ असते, फिरत्या सांध्याला टिकत नाही आणि दिसायलाही परकी दिसते. मऊ लोखंडाची भरीव रिव्हेट घ्या आणि ठोकताना दोन पट्ट्यांच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा चिरून घाला. ठोकून झाल्यावर तो ओढून काढला की जेवढी फिल्म जाड तेवढी फट राहते आणि सांधा घट्टही बसत नाही, खुळखुळतही नाही. ही युक्ती मला ट्रंका बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने दाखवली. तो फिल्मऐवजी पोस्टकार्ड वापरायचा.

तळाला भोक असेल तर ते किती मोठं आहे त्यावर आहे. टाचणीएवढी असतील तर आतून नवसागर लावून कथलाचा डाग द्या आणि नंतर नवसागर गरम पाण्याने पूर्ण धुऊन काढा, तोही क्लोराइडच आहे. रुपयाएवढं असेल तर आतून ठिगळ, रिव्हेट मारून. इलेक्ट्रिक वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पातळ पत्र्यावर तो एक भोक बुजवतो आणि शेजारी तीन पाडतो. ठिगळ लपवायची गरज नाही. वडिलांच्या काळात भोक पडलं असतं तर त्यांनीही ठिगळच मारलं असतं. तळ पूर्ण गेला असेल, सुई टोचली की आरपार जात असेल, तरच नवीन तळ. आणि अशा वेळी जुना तळ फेकू नका.

आता तो हिरवा रंग. टॉर्चमध्ये खाली काहीच दिसलं नाही तर तुमची मर्जी. घट्ट असेल तर राहू द्या, पोपडे असतील तर काढा. अक्षरं दिसली तर मात्र फक्त ती जागा उघडा. हजार नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, एका वेळी दोन बोटांएवढी जागा. गोल-गोल घासायचं नाही, एकाच दिशेने. हिरवा पातळ होत जाईल आणि खालच्या रंगाची सावली दिसायला लागेल. सावली दिसली की पेपर ठेवून द्यायचा आणि पुढचं काम कापसावर टरपेंटाइन घेऊन करायचं. एका संध्याकाळी एक अक्षर झालं तरी घाई नको. एखादं अक्षर अर्धं गेलं तर ते नव्या रंगाने पुरं करू नका. अर्धं अक्षर त्यांच्या वेळचं असतं, पुरं केलेलं तुमचं होतं.

पावडर कोटिंगला मी का नाही म्हणालो ते आता कळलं असेल, तरी कारणं सांगतो. त्यासाठी पेटी आधी पूर्ण उघडी करावी लागते, म्हणजे ब्लास्टिंग आलं. मग भट्टीत १८० ते २०० अंश. त्यात तेल-वंगण उरलं असेल तर ते सांध्यांतून बाहेर उकळतं आणि रंगाला खड्डे पडतात. शिवाय तो थर जाड असतो. पट्ट्यांच्या फटीत बसला की सांधे पुन्हा जाम, आणि जबरदस्तीने हलवले की कडेने सोलला जातो. नवीन बनवताना सुटे भाग रंगवून मग जोडले तर पावडर कोटिंगसारखं टिकाऊ काही नाही. मी त्या कामाच्या विरोधात नाही, या पेटीला ते नको, एवढंच.

जिथे पत्रा उघडा पडला आहे तिथे पातळ रेड ऑक्साइडचा प्रायमर आणि वर जुन्याशी मिळता रंग, ब्रशने. बाकी सगळ्या पेटीला जवसाचं उकळलेलं तेल आणि टरपेंटाइन निम्मं-निम्मं, फडक्याने चोळून लावायचं आणि वीस मिनिटांनी पूर्ण पुसायचं. मरगळलेला जुना रंग पुन्हा खोल दिसायला लागतो. शेंगदाण्याचं तेल लावू नका. घरात असतं म्हणून लोक लावतात, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. गोळा केलेल्या फडक्यात ती साठते आणि काडी न लावता पेट घेते. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, त्याला फार वेळ लागत नाही. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

जमवण्याबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. वय ओळखायचं तर खुणा बघा. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे जी.आय.पी.ची ठोकलेली खूण असेल तर पेटी बहुधा त्याआधीची. आत राहिलेली हत्यारंही बोलतात. व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, इंची पाने असतील तर मेट्रिक मापं रुळण्याआधीचा माणूस. नाशिकच्या टपारिया कंपनीचं उत्पादन १९६९ मध्ये सुरू झालं, म्हणून त्यांचा शिक्का असलेली पक्कड त्याआधी पेटीत आलेली नसणार. पण हत्यारं बदलत राहतात, त्यामुळे एका पान्यावरून पेटीचं वय ठरवू नका. घेताना रंग बघू नका. कप्पे पूर्ण उघडा, पट्ट्या समांतर उचलतात का बघा, तळाचे चारही कोपरे अंगठ्याने दाबा, झाकण हात न लावता सरळ बसतं का बघा. रंग आणि गंज हे कामाने सुटतात, वाकलेला सांगाडा सुटत नाही.

रेल्वेची खूण असलेली पेटी भंगारवाल्याकडून घेताना लिलावाचा कागद मागा. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि असा माल जवळ का आहे ते तुम्हाला सांगावं लागू शकतं. कागद नसेल तर कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. तुमच्या वडिलांची पेटी स्वतःची होती की खात्याची, हेही घरात एकदा विचारून घ्या. निवृत्तीच्या कागदांत काही चिठ्ठी असेल तर पेटीबरोबर ठेवा.

आणि भंगारवाल्यापेक्षा घरं बरी. मी बहुतेक पेट्या निवृत्त माणसांच्या घरून घेतल्या आणि भंगाराच्या भावाने एकही घेतली नाही. अमळनेरची ती जॉबरची पेटी देताना त्या घरच्या आजी अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "लई जाय भाऊ, पन नाव पुसू नको." (लई जाय म्हणजे घेऊन जा.) नाव झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं होतं. खडू इतकी वर्षं टिकला, कारण झाकण बंद होतं. मी त्यावर काहीही फासलं नाही, तेलही नाही. तुम्हीही झाकणाच्या आत कापड फिरवण्याआधी एकदा बघून घ्या.

तर पुढच्या आठवड्याचा क्रम असा ठेवा: आज रात्री टॉर्च, उद्या सगळ्या बाजूंचे फोटो, मग रिकामी करणं आणि गरम पाणी, आणि मग चार दिवस फक्त तेल आणि ऊन. लिंबूफुलाला त्यानंतर हात लावा. पावडर कोटिंगवाल्याला फोन करून सांगा की सध्या थांबलोय. टॉर्चच्या उजेडात काही उठून दिसलं तर तोच आडव्या उजेडातला फोटो पाठवा, आणि तळाचा एक. तळ बघितल्याशिवाय डाग द्यायचा की ठिगळ मारायचं, हे मी इथून सांगू शकत नाही.